भिशीच्या पैशातून क्रूझ: लातूर ते मुंबईचं बॅलार्ड पियर बंदर, तयारीच्या नोंदी

७ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची आवराआवर संपली आणि आज भिशीची बैठक झाली. आम्ही आठ जणी. डिसेंबर २०२३ पासून दरमहा दोन हजार रुपये काढतो. चिठ्ठी टाकून एकीला रक्कम द्यायची पद्धत यावेळी बंद ठेवली, सगळा पैसा दोघींच्या संयुक्त खात्यावर जातो. मार्चअखेर माणशी ३२,००० म्हणजे एकूण २,५६,००० जमतील. हिशेब माझ्याकडं, म्हणून नोंदीही मीच ठेवते. आपल्याकडच्या दुसऱ्या एखाद्या भिशीला असंच जायचं असेल तर कामाला येतील.

आज तीन पर्याय होते. सिंगापूरची क्रूझ पहिल्यांदा बाद झाली. पासपोर्ट तिघींकडंच आहे. शिवाय व्हिसा लागतो, आणि जहाज सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच येतं, त्यामुळं एकदा बाहेर पडून परत आत येता येईल असाच व्हिसा हवा. लक्षद्वीपवर बराच वेळ बोललो, कारण रेखाचा जीव तिथंच अडकला होता. तिथं जायच्या परवान्याचं जमवता आलं असतं. पण तिथल्या अगत्ती बेटाभोवती प्रवाळ आहे, पाणी उथळ आहे, मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या होडीत उतरवून नेतात. होडी खालीवर होत असताना तिच्यात पाऊल टाकायचं. विमलकाकू सहासष्टच्या, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांना जहाजावर एकटं ठेवून आम्ही किनाऱ्यावर जावं, हे कुणालाच पटलं नाही.

म्हणून मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करतं. १९९० सालचं जहाज, आधी रॉयल कॅरेबियनकडं होतं. देशातल्या देशात फेरी असल्यानं पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. दोन्ही बंदरांत जहाज धक्क्याला लागतं. आमच्यासाठी हीच मोठी गोष्ट.

१६ नोव्हेंबर

तारीख ठरवायला पुढच्या वर्षाचं कालनिर्णय सतरंजीवर पसरलं. सोमवारची फेरी शुक्रवारपेक्षा स्वस्त पडते, एवढं आधीच कळलं होतं. फेब्रुवारी नको, कारण कविताची मुलगी दहावीला आहे आणि परीक्षा १७ मार्चपर्यंत चालणार. पुढं शाहीनआपांचे रोजे, ते मार्चभर. ३० मार्चला पाडवा, ईद त्याच्याच आसपास. मे महिना मीच नको म्हटलं. मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळं उठतात, २०२१ चं तौक्ते मे महिन्यातलंच. उरला एप्रिल. सहाला रामनवमी, रविवार. सोमवार, ७ एप्रिल पक्का झाला. गुरुवारी दहाला परत, आणि निर्मलाताईंना चौदा तारखेच्या जयंतीला घरी असायचंच आहे, तेही जमतं.

आठला एकादशी आहे. विमलकाकू म्हणाल्या, “बोटीवर साबुदाणा मिळंल का न्हाई, ते आधी विचारून ठेव.” लिहून घेतलं.

२९ नोव्हेंबर

पैशाच्या बाबतीत हा आठवडा वाईट गेला. एका ट्रॅव्हल एजंटानं फोनवर माणशी अठरा हजार सांगितले होते. त्या बोलीवर भिशीतून आठ हजार टोकन गेलं. लेखी आकडा मागितला तर रोज “आज पाठवतो”. शेवटी आला तो २३,९०० चा. अठरा हजार नुसतं केबिनचं भाडं होतं. त्यावर बंदर शुल्क, सेवकांची ग्रॅच्युइटी, म्हणजे बक्षिशी, आणि जीएसटी. हे तिन्ही खर्च खरे आहेत, कुणाकडूनही बुकिंग केलं तरी लागतात, त्याबद्दल वाद नाही. ते फोनवर न सांगणं, हा वाद आहे.

टोकन परत मागितलं. तीन हजार आले, पाच हजार गेले. पावतीवर ‘ना-परतावा’ असं बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि पावती हातात पडली ती पैसे गेल्यानंतर. मग थेट कंपनीकडंच बुकिंग केलं, तिथंही माणशी २३,९०० च पडले.

दुसऱ्या भिशीनं विचारलं तर मी एवढंच सांगेन: “सगळं धरून, माणशी, लेखी” हे तीन शब्द म्हणा आणि आकडा हातात आल्याशिवाय एक रुपया हलवू नका. रद्द केलं तर किती कापणार, हेही त्याच कागदावर घ्या. तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते. आमच्या वयाला कुणाच्या घरी काय होईल सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी.

बुकिंगच्या अर्जात नाव ओळखपत्राप्रमाणं भरायचं. सोपं वाटतं. सुमनकाकूंचा कागदपत्रांचा डबा उघडला. आधारवर ‘सुमनबाई’, मतदान कार्डावर ‘सुमन’, पॅनवर नवऱ्याचं नाव मधे आणि आडनाव पहिलं. बँकेच्या पासबुकावर आणखी वेगळं. जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून. आपल्याकडं त्या वयाच्या निम्म्या माणसांच्या तारखा या दोनच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी टाकली ती.

सुमनकाकूंचा मुलगा म्हणाला, सगळं दुरुस्त करून घेऊ. मी थांबवलं. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि दुरुस्ती अडकून पडली तर ऐन वेळी हातात ना जुनं ना नवं. आपल्याला या प्रवासापुरतं एवढंच पाहिजे, की तिकिटावरचं नाव आणि सोबतचं कार्ड अक्षर न् अक्षर जुळावं.

म्हणून प्रत्येकीचं एकच कार्ड नक्की केलं. ते कार्ड समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरात कागदावर उतरवलं, जिचं तिनं वाचून खाली सही केली. निर्मलाताईंच्या नावात एक ‘ए’ जादा आहे, तो तसाच ठेवला. शाहीनआपांच्या कार्डावर आडनावच नाही, फक्त नाव आणि वडिलांचं नाव. आडनावाच्या रकान्यात काय भरायचं ते कंपनीला फोन करून विचारलं आणि ते म्हणाले तसं ईमेलवर लिहून घेतलं. तिघींची आधार कार्डं घडी पडून इतकी पुसट झाली होती की फोटो ओळखू येईना. पन्नास रुपये भरून पीव्हीसी कार्डं मागवली, पोस्टानं घरी येतात.

ही यादी फ्रिजवर लावली आहे. आता रेल्वे, लॉज, जहाज, सगळीकडं हेच नाव जाणार.

५ जानेवारी २०२५

केबिनची वाटणी. चौघींची एक केबिन घेतली असती तर बरेच पैसे वाचले असते, पण त्यात दोन खाटा वर असतात आणि शिडीनं चढावं लागतं. दोघी-दोघींच्या चार केबिन घेतल्या. जागा मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागितली. जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात. दुसरं कारण विमलकाकूंचं: आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, जिन्यानंच जावं लागतं. त्यांना किती पायऱ्या पडतील, हे नकाशात मोजूनच केबिन घेतली.

सगळ्या केबिन आतल्या, बिनखिडकीच्या. त्यावर मीनाक्षी गप्प झाली. दोन दिवसांनी घरी येऊन म्हणाली, बंद अंधाऱ्या खोलीत तिचा श्वास कोंडतो, लिफ्टमध्येसुद्धा. हे तिला बैठकीत बोलता आलं नव्हतं. खिडकीची केबिन माणशी २,३०० नं महाग. तिनं स्वतः भरायची तयारी दाखवली, पण तिच्यासोबतच्या कविताला तो भार नको होता. मग बाकीच्या सहाजणींपुढं विषय मी काढला, मीनाक्षीच्या परवानगीनं. दोघींचे मिळून ४,६०० सामाईक पैशातून द्यायचे, असं ठरलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. हे आधी उघड बोललं गेलं म्हणून झालं. जहाजावर गेल्यावर दोघींना खिडकी आणि सहाजणींना भिंत दिसली असती, तर ते मनात राहिलं असतं.

४ फेब्रुवारी

रेल्वे. लातूर–मुंबई रात्रीची गाडी. आमचा हिशेब १२० दिवस आधीच्या आरक्षणाचा होता, ६ डिसेंबरला तिकीट काढायचं असं मूळ आराखड्यात लिहिलंय. पण १ नोव्हेंबरपासून ती मुदत ६० दिवसांवर आली. ५ एप्रिलच्या प्रवासाची खिडकी आज सकाळी आठला उघडली.

एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून सहा आणि दोन असं काढायचा बेत होता. रेखाच्या भावानं चांगलं सुचवलं. ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एकटीला किंवा एका तिकिटावर दोघींनाच लागू होतो. सहा जणींचं एकत्र तिकीट काढलं तर त्याचा फायदा जातो. आम्ही सहाजणी ४५ च्या वर. तीन जोड्या केल्या, तीन खाती, तीन मोबाइल, एकाच टेबलावर. रेखा-कविता साध्या कोट्यात. आठ वाजून काही मिनिटांत आठही जागा पक्क्या, सहा खालच्या.

त्यानंतर घरात चहा झाला तेव्हा रेखाच्या सासूबाई म्हणाल्या, “समदं बरंय, पण नेतंय कोण तुम्हाला?” हा प्रश्न गेले तीन महिने प्रत्येक घरात येतोय. रेखा म्हणाली, “आमच्या आम्हीच जायलोत, आत्या.” यादी, पावत्या, तिकिटं त्यांच्यापुढं ठेवली. त्या एकेक कागद बघत बसल्या.

९ फेब्रुवारी

परतीचं फसलं. १० एप्रिलला महावीर जयंती, मधे एकच शुक्रवार, मग दुसरा शनिवार, रविवार आणि चौदाची सुट्टी. सगळी मुंबई त्याच गाडीनं गावी येणार. दोन जोड्यांना जागा मिळाल्या, चौघी वेटिंगवर. तारीख ठरवताना आम्ही फक्त जाण्याच्या बाजूचे सण बघितले होते.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरांकडं सगळ्या एकत्र गेलो. समुद्र लागण्यावर गोळी आहे, पण ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, झोप येते, आणि काचबिंदू असणाऱ्यांनी न विचारता घ्यायची नाही. सुमनकाकूंना काचबिंदू आहे, त्यांना गोळी बंद, आलेपाक आणि उघड्या डेकवर क्षितिजाकडं बघत बसणं.

निर्मलाताईंचं इन्सुलिन. एप्रिलमध्ये लातूरचा पारा चाळिशीत जातो, म्हणून थंड पिशवी. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आणि ही पिशवी कायम हातात. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि केबिनच्या दाराशी पोचवतात, त्यात काही तास जातात. औषधं, ओळखपत्र, चष्मा, एक जोडी कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

९ मार्च

पोहायच्या कपड्यांचा प्रश्न. तलावात नायलॉन-लायक्राच चालतं. कॉटन चालत नाही, त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. आमच्यापैकी पाचजणींना पाण्यात उतरायचंय, पण दुकानातले तोकडे कपडे कुणाला नको. कवितानं शिंप्याकडून एक नमुना शिवून आणला, गुडघ्याखाली, लांब बाह्यांचा. कापड नायलॉन म्हणून घेतलेलं. बाथरूममध्ये बादलीत बुडवून पाहिलं. पाणी पिऊन ते असं जड झालं की दोन्ही हातांनी उचलावं लागलं, आणि बादलीतलं पाणी निळं. ते कापड बाद.

शाहीनआपांनी मग स्वतःसाठी मागवलेला पोशाख दाखवला: पूर्ण बाह्या, पायघोळ विजार, डोक्याला टोपी, हलकं लायक्रा. सगळ्यांना तोच आवडला. आठही तसेच मागवले, प्रत्येकी ९५०. विमलकाकूंनीसुद्धा घेतला, तलावाच्या काठावर पाय सोडून बसायला.

२३ मार्च

खाणं. बुकिंगसोबतच्या नियमांत घरी केलेलं उघडं अन्न आत नेता येत नाही. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्डही नाही. आगीच्या भीतीनं बहुतेक जहाजांवर या वस्तू बंद असतात. त्यामुळं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेपुरती. एकादशीसाठी कंपनीनं फळं, दूध, उकडलेला बटाटा सांगितला. राजगिऱ्याची बंद पाकिटं गंजगोलाईतून घेतली.

सुमनकाकूंनी विचारलं, अंघोळीला पाणी किती मिळतंय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाची सवय अजून अंगात आहे. जहाज समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतं, वाफ करून किंवा पडद्यातून गाळून. त्यांना समजावून सांगितलं, तरी त्या म्हणाल्या, जपूनच वापरू.

विमलकाकू महिनाभर नाना-नानी पार्कात चालतायत आणि घराचा जिना कठडा धरून चढ-उतार करतायत. आता दोन मजले न थांबता होतात.

घरच्यांना सांगून ठेवलं: किनारा सुटला की मोबाइलचं नेटवर्क जातं. जहाजावरचं रोमिंग लागलं तर बिल हाताबाहेर जातं, म्हणून फोन विमान मोडवर. संपर्काचा नंबर प्रत्येक घरी लिहून दिला.

६ एप्रिल, मुंबई

गाडी पाऊण तास उशिरा. एक दिवस आधी निघालो म्हणून कुणाच्या कपाळावर आठी नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि आपल्याकडून मुंबई रात्रभराच्या अंतरावर. लॉजचे ९,६०० जास्त वाटले होते, आज वाटत नाहीत. फोर्टातला लॉज, बंदर जवळ.

७ एप्रिल

दोन टॅक्स्या करून बॅलार्ड पियर. बॅगांना केबिन नंबरची चिठ्ठी लॉजवरच स्टेपल केली होती. काउंटरवरच्या मुलीनं सुमनकाकूंचं कार्ड आणि तिकीट शेजारी धरून बोट फिरवत नाव वाचलं. एस, यू, एम… शेवटच्या अक्षरापर्यंत. मग शिक्का.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज कलंडलं, तेव्हा नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला, आता सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी करावीच लागते. काही माणसं कंटाळून फोन बघत होती. आमच्या आठही जणी लक्ष देऊन उभ्या. विमलकाकू केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत जिन्यानं आल्या, कठडा धरून, मधे न थांबता.

१३ एप्रिल, लातूर

परतीच्या वेटिंगच्या चार जागा शेवटपर्यंत हलल्या नाहीत. चौघी स्लीपर बसनं आलो, सुट्टीच्या गर्दीचे माणशी १,६००.

गोव्यात स्वतंत्र गाडी केली होती, मंगेशी करून परत. जहाजाच्या वेळेआधी दोन तास हातात ठेवले आणि वाटेत वाहतूक तुंबल्यावर त्यातला एक लागला. यापेक्षा कमी ठेवू नका.

हिशेब रुपयांत. जहाज खिडकीसह १,९५,८००. रेल्वे जाताना ७,२००, येताना चौघींचे ३,६००, वेटिंगची कपात २४०, बस ६,४००. लॉज ९,६००, मुंबईतल्या टॅक्स्या १,८००. पोहण्याचे कपडे ७,६००. गोव्यातली गाडी आणि जेवण ५,२००. कार्डं १५०, औषधं १,२४०, एजंटकडं बुडालेले ५,०००. एकूण २,४३,८३०. जहाजावरची खरेदी जिची तिची.

शिल्लक १२,१७०. आज माणशी दीड हजार परत केले, १७० खात्यावर राहिले. खिडकीच्या केबिनचे पैसे सामाईक गेले म्हणून मीनाक्षी तिचे दीड हजार घ्यायला तयार नव्हती. सगळ्यांनी मिळून घ्यायला लावले. पुढची भिशी जूनपासून, दरमहा अडीच हजार, आणि तारीख ठरवताना येण्याच्या बाजूच्या सुट्ट्या आधी बघायच्या. रेखानं लक्षद्वीपचा कागद फाडलेला नाही. विमलकाकू म्हणतात, होडीत उतरायची सवय करायला वर्ष आहे.